जुन्या नऊ पिनांच्या गेम-कंट्रोलरची दुरुस्ती आणि त्यातले फेरफार

आपण नाशिकच्या सिडकोतून पाठवलेल्या प्रश्नाचा सारांश असा. घरात नव्वदच्या दशकातला, टीव्हीला जोडून कॅसेट घालून खेळायचा व्हिडिओ गेम आहे. त्याच्या पहिल्या कंट्रोलरवर उजवी दिशा फार जोर दिल्याशिवाय लागत नाही, वायर एका विशिष्ट कोनात धरली नाही तर सगळीच बटणे बंद पडतात आणि पावसाळ्यात टर्बोचे (धरून ठेवले की आपोआप पुन्हा पुन्हा दाबले जाणारे) बटण न दाबताही गोळ्या झाडल्या जातात. दुकानदाराने सल्ला दिला की नऊ पिनांचा दुसरा कोणताही कंट्रोलर आणून लावावा. आपल्याला मात्र हाच दुरुस्त करायचा आहे, जमल्यास लॅपटॉपला जोडायचा आहे, टर्बो नसलेल्या दुसऱ्या कंट्रोलरला टर्बो बसवायचा आहे आणि पिवळे पडलेले कवचही पूर्ववत करायचे आहे.

कंट्रोलर दुरुस्त होण्याजोगा आहे. आपण सांगितलेले तिन्ही दोष एकमेकांशी संबंध नसलेले आहेत आणि बहुधा त्यांपैकी एकही चिपमधला नाही. परंतु कोणतीही गोष्ट उघडण्याआधी दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल बोलणे भाग आहे, कारण तो पाळल्यास कंट्रोलरऐवजी मूळ यंत्रच निकामी होऊ शकते.

नऊ पिनांचा तो जोड अटारीच्या १९७७ सालच्या यंत्रावर होता, सेगाच्या १९८८ सालच्या मेगा ड्राइव्हवर होता आणि आपल्याकडे घरोघरी आलेल्या, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेल्या यंत्रांवरही होता. आकार तोच असला तरी आतली जोडणी तिन्हींत वेगळी आहे. अटारीच्या जॉयस्टिकमध्ये सहाव्या पिनेवर फायरचे बटण असते आणि ते दाबले की ती पिन आठव्या पिनेला, म्हणजे ग्राउंडला जोडली जाते. आपल्याकडच्या नकली यंत्रांपैकी बहुतेकांत सहाव्या पिनेवर ५ व्होल्टचा पुरवठा आणि आठव्या पिनेवर ग्राउंड असतो. म्हणजे अशा यंत्राला अटारी पद्धतीची जॉयस्टिक लावून फायर दाबले की आपण पुरवठाच थेट शॉर्ट करतो. मेगा ड्राइव्हच्या पॅडमध्ये त्याच सहाव्या पिनेवर चिपचे आउटपुट असते आणि त्यावर बाहेरून ५ व्होल्ट येणे त्या चिपला मानवत नाही. तेव्हा जोड बसतो म्हणून कंट्रोलर चालेल असे मानू नये, आणि आपल्या यंत्राची जोडणीसुद्धा माझ्या किंवा इतर कोणाच्या तक्त्यावरून गृहीत न धरता मल्टिमीटरने स्वतः मोजावी. यंत्र चालू करून, त्याच्या जोडावर ग्राउंडच्या संदर्भात ५ व्होल्ट कोणत्या पिनेवर येतात एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

आता दोष शोधण्याकडे वळू. या कंट्रोलरमध्ये आठ बटणे असूनही वायरीत पाचच तारा का असतात, हे कळले की दोषाच्या लक्षणांवरून जागा ओळखता येते. निन्टेन्डोने जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आणलेल्या फॅमिकॉमपासून ही रचना चालत आली आहे. कंट्रोलरमध्ये ४०२१ क्रमांकाचे आठ बिटांचे शिफ्ट रजिस्टर असते. यंत्राकडून ‘लॅच’ तारेवर इशारा आला की त्या क्षणी आठही बटणांची स्थिती चिप एकदम टिपून घेते आणि मग ‘क्लॉक’ तारेवरच्या प्रत्येक ठोक्याला एकेका बटणाची स्थिती ‘डेटा’ तारेवरून पाठवते. क्रम ठरलेला असतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. उरलेल्या दोन तारा पुरवठ्याच्या आणि ग्राउंडच्या.

यावरून काही गोष्टी आपोआप निघतात. एकच बटण त्रास देत असेल तर दोष वायरीत नसतो, कारण सगळी बटणे एकाच तारेवरून जातात. तो रबरात, संपर्कपट्ट्यांत किंवा तिथून चिपकडे जाणाऱ्या ट्रॅकमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेत असतो. काहीच चालत नसेल तर आधी डेटाच्या तारेवर संशय घ्यावा. क्लॉकची तार तुटली असेल तर मोठे मजेदार लक्षण दिसते: रजिस्टर पुढे सरकतच नाही, त्यामुळे यंत्राला आठही वेळा पहिल्याच बिटाचे, म्हणजे ए बटणाचे उत्तर मिळते. ए दाबले की सगळी बटणे एकदम दाबल्यासारखे होते आणि इतर कोणतेही बटण दाबून काहीच होत नाही. लॅचची तार तुटली तर चिपचा तो इनपुट अधांतरी राहतो आणि वायरीजवळ हात नेला तरी वागणूक बदलते. पुरवठ्याची तार तुटली तर कंट्रोलर पूर्ण मेला असे आपण समजतो, पण पुष्कळदा तो अर्धवट चालत राहतो, कारण लॅच आणि क्लॉक तारांवरचा व्होल्टेज चिपच्या आतल्या संरक्षक डायोडांतून झिरपून तिला कशीबशी जिवंत ठेवतो. माझ्याकडे ‘चिप गेली’ म्हणून येणाऱ्या कंट्रोलरांत हे शेवटचे लक्षण वरचेवर आढळते.

आपल्या कंट्रोलरची वायर हलवल्यावर सगळेच बंद पडते, म्हणून सुरुवात वायरीपासून करावी. मागचे स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये आटे पाडून बसवलेले असतात. पुन्हा बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवावा, जुन्या आट्यात तो टक्कन खाली बसल्याचे हाताला जाणवते, आणि मगच आवळावा. नाहीतर दरवेळी नवे आटे पडत जाऊन खांब फुटतो. उघडल्यावर, एकही तार काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्यावा आणि कोणत्या रंगाची तार बोर्डावर कोठे लागते ते लिहून ठेवावे. नकली कंट्रोलरांत रंगांना काहीही अर्थ नसतो. एकाच खोक्यातल्या दोन कंट्रोलरांचे रंगसुद्धा जुळत नाहीत.

मल्टिमीटर बीपवर ठेवून एक प्रोब जोडाच्या पिनेवर आणि दुसरा बोर्डावरच्या त्याच तारेच्या टोकावर धरावा आणि कोणाला तरी वायर इंच इंच वाकवायला सांगावे. तुटण्याच्या जागा दोनच असतात: कवचातून वायर बाहेर पडते तिथले तोंड आणि जोडाच्या साच्यालगतचा भाग. खेळ संपल्यावर वायर कंट्रोलरभोवती करकचून गुंडाळण्याची आपल्या सगळ्यांची सवय पहिल्या जागेला कारणीभूत असते. तिथे तुटली असेल तर तोंडापासून पाच-सहा सेंटिमीटर वायर कापून टाकावी आणि पाचही तारा पुन्हा सोल्डर कराव्यात. बोर्डाला जोडण्याआधी वायरीला कवचाच्या आत गाठ किंवा केबल-टाय असावा, म्हणजे ओढ सांध्यावर न येता कवचावर येते. जोडालगत तुटली असेल तर साचा कापून पाहण्यात वेळ घालवू नये. खोलता येणारे कवच असलेला नवा नऊ पिनांचा मादी जोड घ्यावा; जुन्या संगणकांच्या सीरियल पोर्टसाठी तोच वापरला जात असल्याने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या कोणत्याही बऱ्या दुकानात तो असतो.

सोल्डरिंगबद्दल एवढेच सांगतो की हे बोर्ड तपकिरी, कागदी फिनॉलिकचे आणि एकाच बाजूला तांबे असलेले असतात. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि बारीक सोल्डर पुरते. एका सांध्यावर दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ टेकवल्यास तांब्याचा गोल बोर्डावरून उखडून आयर्नबरोबर वर येतो.

उजव्या दिशेचा दोष रबराचा असावा. बटणाखालच्या सिलिकॉन रबराला कार्बनची छोटी चकती असते आणि ती बोर्डावर कंगव्याच्या दातांसारख्या एकमेकांत गुंफलेल्या दोन पट्ट्यांवर टेकते. हा स्विच म्हणजे खरे तर एक रोध आहे, आणि बटण ‘लागते’ की नाही हे त्या रोधाच्या मूल्यावर ठरते. उदाहरण घ्या. चिपच्या इनपुटवर ५ व्होल्टकडे ओढणारा ४७ किलो-ओहमचा रोध आहे आणि १.५ व्होल्टच्या खाली गेल्यावर चिप ते नक्की ‘दाबले’ असे धरते. गणित केले तर चकतीचा रोध सुमारे २० किलो-ओहमच्या आत असला पाहिजे असे निघते. नवी चकती याच्या कितीतरी खाली असते. वापराने, घामाने आणि तेलकट थराने तिचा रोध वाढत जातो आणि सीमेजवळ आला की बटण फक्त जोर दिल्यावर लागते, कारण जोराने संपर्काचे क्षेत्र वाढते. पळत-उड्या मारत जायच्या खेळांत उजवी दिशाच सर्वाधिक दाबली जाते, म्हणून तीच सगळ्यांत आधी जाते.

चकतीवर दोन्ही प्रोब एक-दोन मिलिमीटर अंतरावर हलके टेकवून रोध मोजा आणि तो डाव्या दिशेच्या चकतीशी ताडून पाहा. एक किलो-ओहमच्या आत असेल तर चकती चांगली समजावी आणि दोष अन्यत्र शोधावा. जास्त असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, वाळवून, साध्या पांढऱ्या कागदावर दोन-चार वेळा अलगद घासावी. आपल्या महात्मा गांधी रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीचे सामान मिळते, तिथे ‘आयपीए’ म्हटले की हे द्रावण देतात. नेलपॉलिश काढण्याचे द्रावण किंवा थिनर वापरू नये, कारण त्याने कवचाचे प्लॅस्टिक विरघळते; आणि गंजलेले बोल्ट सोडवण्याचे तेलकट फवारे तर रबराच्या जवळही नेऊ नयेत.

स्वच्छ करूनही रोध उतरत नसेल तर चकती बदलावी. बंद पडलेल्या टीव्ही रिमोटच्या रबराखाली अशाच चकत्या असतात. त्यातली व्होल्यूमची किंवा चॅनेलची नको, कारण ती आधीच झिजलेली असते. ज्या बटणाला कोणी कधी हात लावला नाही त्याखालची धारदार पात्याने कापून घ्यावी आणि सिलिकॉन सीलंटच्या अगदी पातळ थराने जुन्या चकतीवर चिकटवावी. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सीलंटमधून सुकताना ॲसिटिक आम्ल सुटते आणि ते तांब्याला खाते, म्हणून रबर पूर्ण दिवसभर बोर्डापासून दूर सुकू द्यावे. चकतीची जाडी वाढल्यामुळे बटण अर्धवट दाबलेले तर राहत नाही ना, हे कवच बंद करण्याआधी पाहावे. चॉकलेटची चांदी चिकटवण्याचा उपाय जुना आणि लोकप्रिय आहे, पण मी तो करत नाही. सुरुवातीला बटण अप्रतिम लागते, पण चांदीच्या कडा बोर्डावरच्या पट्ट्या खरवडतात आणि मग रबराऐवजी बोर्डच दुरुस्त करावा लागतो.

बोर्डावरच्या त्या काळ्या पट्ट्या हा या स्वस्त कंट्रोलरांतला सर्वांत नाजूक भाग आहे. त्या छापील कार्बन शाईच्या असतात, त्यांवर सोल्डर धरत नाही आणि त्यांना पॉलिश-पेपर लावला तर शाईच निघून जाते. एका ट्रॅकवरून दुसरा ट्रॅक ओलांडायलासुद्धा उत्पादकाने तीच शाई वापरलेली असते आणि अशा पुलांना केसाएवढी चीर पडली की चकती उत्तम असूनही बटण क्षीण होते. पट्टीपासून चिपच्या काळ्या थेंबापर्यंतचा (स्वस्त कंट्रोलरांत चिप अशा राळेच्या थेंबाखाली झाकलेली असते) रोध मोजल्यास हे लगेच कळते. इलाज सोपा आहे: दोन्ही टोकांना हिरवा लेप खरवडून तांबे उघडे करावे आणि इनॅमलच्या बारीक तारेने दोन बिंदू थेट जोडावेत.

पावसाळ्यात आपोआप चालणारा टर्बो म्हणजे याच्या नेमके उलट प्रकरण. इथे रोध वाढलेला नसून, जिथे तो अनंत असायला हवा तिथे कमी झाला आहे. घामातले क्षार आणि धूळ गुंफलेल्या पट्ट्यांच्या मध्ये बसतात. कोरड्या हवेत ते निरुपद्रवी असतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकची हवा दिवसेंदिवस दमट राहिली की तोच थर ओलावा धरून वीज वाहू लागतो. चिप थेंबाखाली असलेल्या कंट्रोलरांत ओढणारे रोध चिपमध्येच आणि अनेकदा मोठ्या मूल्याचे असतात, त्यामुळे थोडीशी गळतीही त्यांना बटण दाबल्यासारखी वाटते. कंट्रोलर यंत्रापासून काढून दोन पट्ट्यांमधला रोध मोजावा, प्रोब उलटसुलट करून जे मोठे मूल्य येईल ते धरावे, कारण एका दिशेने चिपमधला डायोड मीटरला फसवतो. मग मऊ ब्रश अल्कोहोलात बुडवून पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने हलके फिरवावा आणि टेबल-लॅम्पच्या उबेत बोर्ड वाळवावा. हेअर-ड्रायर अगदी जवळ धरू नये.

दिशांचे बटण बाहेर काढलेच आहे तर त्याच्या मध्यभागाची खालची टेकण पाहून घ्यावी. दिशांसाठी एकच अखंड फुली वापरण्याची कल्पना गुनपेई योकोई यांनी १९८२ साली हातात धरायच्या छोट्या खेळासाठी प्रत्यक्षात आणली आणि त्यात समोरासमोरच्या दोन दिशा एकदम दाबल्या जात नाहीत, हे तिचे मर्म आहे. नकली फुलीची टेकण झिजली की डावे-उजवे एकदम लागतात आणि काही खेळ त्यामुळे विचित्र वागतात. पातळ प्लॅस्टिकची गोल चकती टेकणीखाली ठेवली की काम भागते.

थेंबाखालची चिप खरोखरच गेली असेल, तर थेंब खरवडून काहीही हाती लागत नाही. सरळ सीडी ४०२१ ही सोळा पायांची चिप घ्यावी. तिच्या १ क्रमांकाच्या पायाला ए, १५ ला बी, १४ ला सिलेक्ट, १३ ला स्टार्ट, ४ ला वर, ५ ला खाली, ६ ला डावे आणि ७ ला उजवे बटण जोडावे. ३ वर डेटा, ९ वर लॅच, १० वर क्लॉक, १६ वर ५ व्होल्ट, ८ व ११ ग्राउंडला. प्रत्येक बटणाच्या पायापासून ५ व्होल्टकडे ४७ किलो-ओहमचा रोध आणि १६ व ८ यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावावा. जुन्या थेंबाकडे जाणारे ट्रॅक मात्र पात्याने तोडायला विसरू नये, नाहीतर मेलेली चिप नव्या चिपच्या इनपुटांना खाली ओढत राहते. टर्बोची बटणे थेंबातल्याच आंदोलकावर, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या भागावर चालत असल्याने ती या बदलात जातात.

दुसऱ्या कंट्रोलरला टर्बो बसवण्यासाठी ५५५ टायमर ही साधी चिप पुरेशी आहे. यंत्र बटणे पडद्याच्या प्रत्येक चौकटीला, म्हणजे दर नव्या चित्राला एकदा वाचते. आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० चौकटी येतात. एक दाब आणि एक सोड मोजली जायला किमान दोन चौकटी लागतात, म्हणून सेकंदाला २५ दाबांपलीकडचा टर्बो निव्वळ फुकट आहे आणि काही खेळांत तो गोळ्या गाळतोही. मी १२ ते १५ च्या आसपास ठेवतो. ५५५ च्या नेहमीच्या आंदोलक जोडणीत १० किलो-ओहम, ४७ किलो-ओहम आणि १ मायक्रोफॅरड ही मूल्ये घेतली तर सेकंदाला जवळजवळ १४ ठोके मिळतात. नव्या टर्बो बटणाचे एक टोक चिपच्या त्या बटणाच्या इनपुटला आणि दुसरे टोक १एन४१४८ डायोडामार्फत ५५५ च्या तिसऱ्या पायाला जोडावे, डायोडाची पट्टी ५५५ कडे. हा डायोड अनेक जण गाळतात. तो नसेल आणि साधे बटण व टर्बो एकाच वेळी दाबले गेले, तर ५५५ चे आउटपुट वर असताना ते थेट ग्राउंडला टेकते.

लॅपटॉपबाबत माझे मत ठाम आहे: कंट्रोलरच्या आत यूएसबी बोर्ड कोंबू नये आणि मूळ वायर कापू नये. बाहेर वेगळी डबी करावी. यंत्रावर असतो तसा नर जोड त्या डबीत बसवावा आणि आत एटीमेगा ३२यू४ चिपचा छोटा, प्रोग्रॅम करता येणारा आर्डुइनो बोर्ड ठेवावा, कारण ही चिप संगणकाला स्वतःची ओळख गेमपॅड म्हणून करून देऊ शकते. पुरवठा व ग्राउंडखेरीज तीनच पिना लागतात. प्रोग्रॅममध्ये लॅच सुमारे १२ मायक्रोसेकंद वर धरून खाली आणावा, डेटा वाचावा, क्लॉकचा एक ठोका द्यावा आणि हे आठ वेळा करावे. वाचलेला बिट शून्य असेल तर बटण दाबलेले आहे. डेटाच्या पिनेवर आर्डुइनोचा आतला पुल-अप (५ व्होल्टकडे ओढणारा रोध) चालू ठेवावा, म्हणजे कंट्रोलर काढून घेतल्यावर सगळी बटणे दाबल्याचा भास होत नाही. हीच डबी पुढे तपासणीचे साधन म्हणूनही उपयोगी पडते: आठही बिट पडद्यावर छापत ठेवले की कोणते बटण अडखळते, कोणते सुटत नाही आणि वायर हलवल्यावर नेमके काय बिघडते, हे टीव्हीसमोर न बसता दिसते.

कवचाचा पिवळेपणा प्लॅस्टिकमध्येच मुरलेला असतो, तो पुसून जात नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी तो उतरवता येतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हाची कमतरता नाही. परंतु द्रावण जिथे आधी सुकते तिथे पांढरट पट्टे उठतात, बटणांवरची छापील अक्षरे फिकी पडतात आणि काही काळाने पिवळेपणा परतूही शकतो. आपल्या कंट्रोलरवरची लाल-सोनेरी छपाई शाबूत आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून मी ते कवच सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, सांध्यातला मळ जुन्या टूथब्रशने काढून, तसेच ठेवेन. करूनच पाहायचे असेल तर आधी खालच्या अर्ध्या भागावर करावे, जो खेळताना कोणाला दिसत नाही.